विश्लेषण : ग्रॅनाइट समुद्रातून आला की आगीतून? खडकातल्या लाल शिरांवरून उत्तर शोधणारे जेम्स हटन कोण होते?

धुळे-नंदुरबार भागातून प्रवास करताना माळरानावर मध्येच काळ्या दगडाची लांबलचक, अरुंद टेकडी दिसते. आजूबाजूची जमीन बऱ्यापैकी सपाट आणि ही टेकडी मात्र पडक्या किल्ल्याच्या तटासारखी सरळ रेषेत निघालेली. हा तट कोणत्याही राजाने बांधलेला नाही. जमिनीखालचा वितळलेला खडक एका उभ्या भेगेत शिरला, तिथेच थिजला आणि भोवतालचा खडक आधी झिजून गेल्यावर उघडा पडला. भूशास्त्रात याला ‘डाइक’ म्हणतात.

एका खडकात दुसरा खडक असा घुसू शकतो, हे आज शाळेच्या भूगोलात शिकवले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र युरोपातले अनेक नामवंत अभ्यासक ते मानायला तयार नव्हते. ते दाखवून देण्यासाठी स्कॉटलंडमधल्या एका माणसाने वयाच्या ५९ व्या वर्षी डोंगरातल्या नदीच्या पात्रात उतरून दगड तपासले. त्यांचे नाव जेम्स हटन. पदवीने डॉक्टर, व्यवसायाने कारखानदार आणि शेतकरी असलेल्या हटन यांना आज आधुनिक भूशास्त्राचे जनक म्हटले जाते. हा प्रवास कसा झाला आणि त्यांनी नेमके काय सिद्ध केले, ते पाहू.

वाद नेमका काय होता?

त्या काळी जर्मनीतल्या फ्रायबर्ग येथील खाणविद्येच्या अकादमीत अब्राहम वेर्नर हे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे शिकायला युरोपभरातून विद्यार्थी येत. पृथ्वी सुरुवातीला एका महासागराने झाकलेली होती आणि त्या पाण्यात विरघळलेले पदार्थ खाली बसत गेले, त्यातून खडक तयार झाले, असे वेर्नर यांचे मत होते. या मांडणीत ग्रॅनाइट हा सर्वांत आधी साचलेला, म्हणून सर्वांत जुना खडक. त्यावर बाकीचे थर एकामागून एक बसले. काळा बेसाल्टसुद्धा पाण्यातच तयार झाला, असे वेर्नर मानत. समुद्राच्या रोमन देवावरून या गटाला ‘नेपच्युनवादी’ म्हटले जाऊ लागले.

हटन यांचे म्हणणे वेगळे होते. पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णता आहे, तिथे खडक वितळतो, वर सरकतो, आधीच्या खडकांच्या फटींत घुसतो आणि हळूहळू थंड होऊन घट्ट होतो. ग्रॅनाइट आणि बेसाल्टच्या जातीचे काळे खडक असेच तयार झाले. पाताळाच्या देवावरून या गटाचे नाव पडले ‘प्लुटोवादी’.

वरवर पाहता हा दगडांच्या जन्माचा वाद वाटतो, पण त्यात पृथ्वीच्या वयाचा प्रश्न दडलेला होता. सगळे खडक एकदाच पाण्यातून खाली बसले असतील, तर पृथ्वीचा इतिहास एकाच दिशेने जाणारा आणि तुलनेने छोटा ठरतो. खडक पुन्हा पुन्हा वितळून नव्याने तयार होत असतील, तर तो इतिहास कल्पनेपलीकडे लांब होतो. बायबलमधील वंशावळींवरून पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानणारे लोक तेव्हा मोठ्या संख्येने होते. त्यामुळे हटन यांचा सिद्धांत केवळ दगडांपुरता राहणार नव्हता.

नवसागराचा कारखाना ते शेती

हटन यांचा जन्म ३ जून १७२६ रोजी एडिनबर्गमध्ये झाला. वडील विल्यम हे व्यापारी होते आणि शहराचे खजिनदारही. जेम्स लहान असतानाच ते वारले. आई सारा यांनी मुलांना वाढवले. वयाच्या चौदाव्या वर्षी जेम्स एडिनबर्ग विद्यापीठात दाखल झाले. तिथे तर्कशास्त्राच्या तासाला एक उदाहरण ऐकायला मिळाले. साध्या धातूंना एकच आम्ल विरघळवते, पण सोन्याला दोन आम्लांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज लागते. तर्कशास्त्र बाजूला राहिले आणि रसायनशास्त्राची गोडी लागली ती कायमची.

घरच्यांनी त्यांना वकिलाच्या कचेरीत उमेदवारीला पाठवले. तिथे कागदपत्रांची नक्कल करण्याऐवजी ते सहकाऱ्यांना रासायनिक प्रयोग दाखवू लागले. शेवटी त्यांना तिथून मोकळे करण्यात आले. रसायनशास्त्राच्या सर्वांत जवळचा अभ्यासक्रम म्हणून त्यांनी वैद्यक निवडले. एडिनबर्ग, मग पॅरिस आणि अखेर नेदरलँड्समधील लायडेन येथे शिक्षण झाले. १७४९ मध्ये पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता शरीरातील रक्ताभिसरण. पुढे पृथ्वीकडे पाहतानाही त्यांना वर्तुळात फिरणारी प्रक्रियाच दिसली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

डॉक्टरकी त्यांनी केलीच नाही. मित्र जेम्स डेव्ही यांच्यासोबत त्यांनी धुराड्यांमधल्या काजळीपासून नवसागर तयार करण्याची रीत शोधली होती. नवसागर म्हणजे आपल्याकडे कल्हईवाले वापरतात तोच. कापड रंगवण्यासाठी आणि धातूकामासाठी त्याला मागणी होती आणि तोवर तो मुख्यतः इजिप्तमधून येत असे. एडिनबर्गमध्ये घरोघरी कोळसा जळत असल्याने कच्चा माल भरपूर होता. हा धंदा चालला आणि पुढच्या आयुष्यात पैशाची विवंचना राहिली नाही.

खासगी आयुष्यात एक अवघड पानही होते. विद्यार्थिदशेत त्यांना विवाहाबाहेर एक मुलगा झाला. त्याला त्यांनी आर्थिक मदत केली, पण त्याच्या वाढण्यात त्यांचा फारसा वाटा नव्हता. हटन यांनी पुढे लग्न केले नाही.

शेताने कोणता प्रश्न विचारला?

वडिलांकडून स्कॉटलंडच्या बेरिकशर भागातली शेतजमीन त्यांच्या वाट्याला आली होती. १७५० च्या दशकात हटन यांनी ती स्वतः कसायचे ठरवले. त्यासाठी ते इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात एका शेतकऱ्याकडे राहून नव्या पद्धती शिकले. परतताना तिथला नांगर आणि नांगर चालवणारा माणूस दोन्ही घेऊन आले. स्लायहाउसेस येथील शेतावर त्यांनी सुमारे चौदा वर्षे काढली. दगड वेचले, चर खणले, माती सुधारली.

याच काळात एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. पाऊस शेतातली माती धुऊन ओढ्यात नेतो, ओढा नदीत आणि नदी समुद्रात. ही माती मुळात खडक झिजूनच तयार झालेली. म्हणजे शेती टिकायची तर खडक झिजत राहिला पाहिजे. पण तो असाच झिजत राहिला, तर एक दिवस सगळी जमीन समुद्रात जाईल. तसे होत नसेल, तर समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळातून पुन्हा जमीन वर उचलली जात असली पाहिजे. ती उचलण्याची ताकद कुठून येते?

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर हटन यांना यंत्राचा खर्चाचा भाग दिसला होता, ते शोधत होते इंजिन. त्यांचे उत्तर होते पृथ्वीच्या आतली उष्णता. ही उष्णता खरोखर काम करते याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा एकच असू शकत होता. तो म्हणजे खालून वर आलेला, जुन्या थरांमध्ये घुसलेला वितळलेला खडक.

घरासमोरचा कडा

१७६० च्या दशकाच्या अखेरीस हटन शेत दुसऱ्याला कसायला देऊन एडिनबर्गला परतले. सेंट जॉन्स हिल या भागात ते बहिणींसोबत राहू लागले. तो एडिनबर्गचा बौद्धिक बहराचा काळ होता. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ आणि कार्बन डायऑक्साइडवर मूलभूत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक हे त्यांचे जवळचे मित्र. वाफेच्या इंजिनावर काम करणारे जेम्स वॅट हेही याच वर्तुळातले. फोर्थ आणि क्लाइड या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याच्या व्यवस्थापनातही हटन यांनी काही वर्षे काम केले. त्या खोदकामामुळे जमिनीखालचे थर जवळून पाहता आले.

पण सर्वांत मोठी प्रयोगशाळा घरासमोरच होती. सॅलिसबरी क्रॅग्ज हा सुमारे ४६ मीटर उंचीचा काळा कडा त्यांच्या घराजवळून दिसतो. लांबून पाहिले तर तो एका उतरत्या जाड फळीसारखा वाटतो. खाली वाळूच्या खडकाचे थर, मध्ये काळ्या कठीण दगडाची जाड पट्टी आणि पलीकडच्या उतारावर पुन्हा गाळाचे थर.

काळी पट्टी जर पाण्यातून खाली बसली असेल, तर तिच्या खालचे थर शांतपणे आडवे पडलेले असायला हवेत. कड्याच्या पायथ्याशी एका जागी हटन यांना वेगळेच चित्र दिसले. वाळूच्या खडकाचे थर तिथे वाकलेले, मोडलेले होते. एक तुकडा तर पाचर मारून वर उचलावा तसा मूळ जागेवरून सुटून काळ्या दगडात अडकलेला होता. पाण्यातून संथपणे साचणारा पदार्थ खालच्या घट्ट खडकाला असा उचकटू शकत नाही. जोराने आत शिरणारा वितळलेला खडकच ते करू शकतो. स्पर्शरेषेजवळचा काळा दगड अगदी बारीक कणांचा होता, कारण थंड खडकाला टेकल्यावर तो झटकन थिजला. ही जागा आज ‘हटन सेक्शन’ म्हणून ओळखली जाते. जगभरातले भूशास्त्राचे विद्यार्थी ती पाहायला येतात.

जवळच दगडाची एक खाण होती. तिथला खनिजाची शीर असलेला एक दगड फोडू नये, अशी विनंती हटन यांनी खाणकामगारांना केली, असे सांगितले जाते. तो दगड आजही उभा आहे.

आधी सिद्धांत, मग पुरावा?

१७८३ मध्ये एडिनबर्गची रॉयल सोसायटी स्थापन झाली. १७८५ च्या ७ मार्च आणि ४ एप्रिलला तिथे हटन यांचा पृथ्वीच्या सिद्धांतावरचा निबंध वाचला गेला. पहिल्या दिवशी हटन आजारी असल्याने तो जोसेफ ब्लॅक यांनी वाचला, दुसरा भाग हटन यांनी स्वतः वाचला. जमीन झिजते, गाळ समुद्रात साचतो, आतल्या उष्णतेने तो घट्ट होतो व वर उचलला जातो आणि हे चक्र पुन्हा सुरू होते, असा त्याचा गाभा होता.

यात एक दुवा कच्चा होता. काळ्या खडकाबाबत सॅलिसबरी क्रॅग्जचा पुरावा होता, पण ग्रॅनाइटचे काय? हटन यांनी तोवर मूळ जागेवर असलेला ग्रॅनाइट फारच थोडा पाहिला होता. ग्रॅनाइट खरोखर सर्वांत जुना खडक निघाला असता, तर सिद्धांताचा पाया हलला असता.

हटन यांनी मग एक सोपी कसोटी ठरवली. ग्रॅनाइट आधीचा आणि दुसरा खडक नंतरचा असेल, तर दोघांची सीमारेषा जिथे दिसते तिथे दुसऱ्या खडकाचे थर ग्रॅनाइटवर निवांत टेकलेले दिसतील. पण ग्रॅनाइट नंतर वितळलेल्या अवस्थेत आला असेल, तर त्याच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या दिसतील. कारण साधे आहे. कापणारा नेहमी कापला जाणाऱ्यानंतर येतो. भिंत आधी उभी असते, वायरिंगसाठी झिरी नंतर मारतात.

ग्लेन टिल्टमध्ये काय सापडले?

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हटन आपले मित्र, चित्रकार जॉन क्लार्क यांच्यासह उत्तरेकडच्या ग्लेन टिल्ट या दरीत गेले. हा डोंगराळ मुलूख ड्यूक ऑफ अथॉल यांचा. शिकारीचा हंगाम होता आणि दोघे ड्यूकच्या शिकारीच्या बंगल्यावर उतरले. दरीच्या एका बाजूला लालसर ग्रॅनाइट, दुसऱ्या बाजूला गडद रंगाचा पापुद्र्यांचा शिस्ट आणि चुनखडक. म्हणजे दोघांची भेट मध्ये कुठेतरी होत असणार. नदीने खडक धुऊन काढलेला असल्याने ती भेट पात्रातच दिसेल, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज बरोबर निघाला. टिल्ट नदीच्या पात्रात लाल ग्रॅनाइटच्या शिरा काळपट खडकाला आरपार छेदून गेलेल्या दिसल्या. काही शिरा फाटे फुटून बारीक होत गेल्या होत्या. मोडलेल्या काळ्या खडकाचे तुकडे लाल ग्रॅनाइटमध्ये वेढले गेले होते. हा देखावा पाहून हटन यांना इतका आनंद झाला, की सोबतच्या वाटाड्यांना वाटले यांना चांदीची किंवा सोन्याची खाण सापडली. क्लार्क यांनी जागेवरच त्याची चित्रे काढली.

शिस्ट आधी होता, ग्रॅनाइट नंतर आला आणि येताना तो वितळलेला होता, हे या पात्रात दगडावर लिहिलेले होते. सर्वांत जुना खडक म्हणून ग्रॅनाइटला मिळालेली जागा निदान इथे तरी टिकणार नव्हती.

एका दरीवर ते थांबले नाहीत. १७८६ मध्ये नैऋत्येकडच्या गॅलोवे भागात आणि १७८७ मध्ये अॅरन बेटावर जाऊन त्यांनी तोच प्रश्न पुन्हा तपासला. दोन्हीकडे ग्रॅनाइटच्या शिरा शेजारच्या खडकात घुसलेल्या मिळाल्या.

घुसलेला खडक ओळखायचा कसा?

हटन यांच्या निरीक्षणांतून पुढे एक पूर्ण शब्दसंग्रह तयार झाला. जमिनीखाली थिजलेल्या या खडकांना आंतरनिर्मित अग्निजन्य खडक म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार आणि जमिनीवर ते कसे दिसतात, ते असे :

डाइक : उभ्या भेगेत थिजलेली पट्टी. ती थरांना छेदून जाते. भोवतालचा खडक मऊ असेल तर डाइक भिंतीसारखा वर उभा राहतो. उलट डाइकच मऊ असेल तर त्या जागी लांब चर पडतो. अॅरन बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर असे असंख्य डाइक समुद्रात शिरताना दिसतात.

सिल : दोन थरांच्या मधोमध शिरलेली, थरांना समांतर पट्टी. सॅलिसबरी क्रॅग्ज हा सिलच आहे. झिजल्यावर त्याचा एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला सौम्य उतार होतो. उत्तर इंग्लंडमधील ‘विन सिल’ या अशाच कड्यावरून रोमन लोकांनी हेड्रियनची भिंत नेली. सिल हा शब्द मुळात तिथल्या खाणकामगारांचा.

लॅकोलिथ : थरांमध्ये शिरलेला शिलारस पसरण्याऐवजी फुगतो आणि वरचे थर घुमटासारखे उचलतो. अमेरिकेतील युटामधल्या हेन्री पर्वतांचा अभ्यास करून ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ च्या अहवालात हा प्रकार मांडला.

बॅथोलिथ : खूप खोलवर, प्रचंड आकारात थिजलेला ग्रॅनाइट. वरचे काही किलोमीटर जाडीचे खडक झिजून गेल्यावर तो उघडा पडतो. त्याला भेगा पडतात, कोपरे झिजतात आणि गोलसर दगडांच्या राशी तयार होतात. हंपीच्या परिसरात दिसणारे ग्रॅनाइटचे ढीग असेच खोलवर थिजून नंतर उघडे पडलेले आहेत.

ज्वालामुखीची नळी : लाव्हा वर येण्याचा मार्ग आतच थिजतो, भोवतीचा डोंगर झिजतो आणि मधला कठीण गाभा सुळक्यासारखा उरतो. एडिनबर्गचा किल्ला अशाच गाभ्यावर बांधलेला आहे.

थंड होण्याचा वेग दगडाच्या कणांतही दिसतो. जमिनीखाली हळूहळू थंड झालेल्या ग्रॅनाइटचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. पृष्ठभागावर लवकर थंड झालेल्या बेसाल्टचे कण बारीक असतात.

काळाचा हिशेब

शिरांनी एक गोष्ट सांगितली होती, क्रम. आधी काय आणि नंतर काय. या क्रमात मध्ये किती काळ गेला, हे दाखवणारी जागा हटन यांना १७८८ मध्ये सापडली. जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल या तरुण मित्रांसोबत ते होडीने सिकर पॉइंट या समुद्रकाठच्या टोकाला गेले. तिथे खालचे थर जवळपास उभे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर लाल वाळूच्या खडकाचे थर सौम्य उताराने पसरलेले आहेत.

याचा अर्थ उलगडून पाहा. खालचा गाळ समुद्रात साचला, घट्ट झाला, वाकून उभा राहिला, वर उचलला गेला, झिजला आणि मग त्यावर नवा गाळ साचून त्याचाही खडक झाला. आजच्या मोजणीनुसार खालचे थर सुमारे ४३ कोटी आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हटन यांच्याकडे ही मोजणी नव्हती. पण एवढ्या घडामोडींना सहा हजार वर्षे पुरणार नाहीत, हे समजायला आकड्याची गरज नव्हती.

विरोध, आजारपण आणि अपुरे पुस्तक

१७८८ मध्ये निबंध पूर्ण स्वरूपात छापला गेला. त्यावर टीकाही झाली. आयर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कर्वन यांनी १७९३ मध्ये जोरदार हल्ला चढवला. हा सिद्धांत विज्ञानाच्या दृष्टीने चुकीचा आणि धर्माला घातक आहे, असा त्याचा रोख होता. हटन यांना हे लागले. ते निरीश्वरवादी नव्हते. पृथ्वी हे सजीवांसाठी शहाणपणाने रचलेले यंत्र आहे, असेच ते मानत.

तेव्हा ते मूत्राशयाच्या आजाराने त्रस्त होते. वेदना तीव्र होत्या आणि बाहेर फिरणे जवळपास थांबले होते. तरीही कर्वन यांचे लिखाण हाती पडताच त्यांनी मोठ्या ग्रंथाचे काम हाती घेतले. ‘थिअरी ऑफ द अर्थ’ या ग्रंथाचे दोन खंड १७९५ मध्ये आले. पण ते वाचणे सोपे नव्हते. वाक्ये लांबलचक, मध्येच फ्रेंच पुस्तकांतले पानेच्या पाने उतारे. ज्याची नजर इतकी स्वच्छ होती, त्याची लेखणी मात्र वाचकाला दमवणारी निघाली. ग्रॅनाइटवरची प्रत्यक्ष निरीक्षणे तिसऱ्या खंडासाठी राखून ठेवली होती. तो छापण्याआधीच २६ मार्च १७९७ रोजी हटन यांचे निधन झाले.

हटन कुठे चुकले?

नेपच्युनवादी सर्वस्वी चूक आणि हटन सर्वस्वी बरोबर, असे हे प्रकरण नाही. वाळूचा खडक, चुनखडक हे पाण्यात साचलेल्या गाळातून होतात, ही गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होती. पण गाळ घट्ट होण्यासाठीही मोठ्या उष्णतेची गरज असते, असे हटन यांना वाटे. आज आपल्याला माहीत आहे की वरच्या थरांचा दाब आणि कणांमध्ये साचणारी खनिजे एवढ्यानेही गाळाचा खडक होतो. आतल्या उष्णतेचा उगम काय, हेही त्यांना सांगता आले नाही. किरणोत्सर्गाचा शोध लागायला आणखी शंभर वर्षे होती.

बेसाल्टबाबतही ते एकटे नव्हते. फ्रान्समध्ये निकोला देमारे यांनी हटन यांच्या निबंधाआधीच तिथल्या बेसाल्टचा संबंध जुन्या ज्वालामुखींशी जोडला होता. हटन यांचे वेगळेपण असे, की वितळलेला खडक पृष्ठभागावर न येता आतच घुसून थिजतो, हे त्यांनी जागेवर दाखवले आणि ते पृथ्वीच्या संपूर्ण चक्राशी जोडले.

निकाल कसा लागला?

हटन यांना वाचवले ते मित्रांनी. जॉन प्लेफेअर यांनी १८०२ मध्ये त्यांचा सिद्धांत सोप्या, सुबक भाषेत मांडणारे पुस्तक लिहिले. बहुतेक लोकांना हटन कळले ते या पुस्तकातून.

जेम्स हॉल यांनी प्रयोगाचा मार्ग धरला. वितळलेला दगड थंड झाल्यावर काच व्हायला हवा, मग ग्रॅनाइट आणि काळ्या खडकात स्फटिक कसे, असा विरोधकांचा आक्षेप होता. हॉल यांना उत्तर काचेच्या कारखान्यात मिळाले. तिथे वितळलेली काच खूप सावकाश थंड झाली की ती पारदर्शक न राहता स्फटिकमय होते. त्यांनी काळा खडक ओतकामाच्या भट्टीत वितळवला. झटकन थंड केला तर काच झाली, सावकाश थंड केला तर पुन्हा दगडासारखा स्फटिकमय पदार्थ मिळाला. हे निष्कर्ष १७९८ मध्ये मांडले गेले. पृथ्वीच्या पोटातली क्रिया छोट्या भट्टीत दाखवता येईल यावर हटन यांचा विश्वास नव्हता आणि त्यांचा मान राखून हॉल यांनी ते हयात असेपर्यंत थांबणे पसंत केले होते. पुढे त्यांनी बंदुकीच्या नळीत चुनखडक बंद करून तापवला. दाबाखाली तो फुटून चुना होत नाही, हेही दाखवले.

तरीही वाद लगेच संपला नाही. १८२० च्या दशकात एडिनबर्ग विद्यापीठात वेर्नर यांचे शिष्य रॉबर्ट जेमसन शिकवत होते. हटन यांच्याच सॅलिसबरी क्रॅग्जवर उभे राहून ते विद्यार्थ्यांना समजावत, की ही काळी पट्टी म्हणजे वरून गाळाने भरलेली भेग आहे. त्या विद्यार्थ्यांत चार्ल्स डार्विन होते. त्यांना भूशास्त्राचाच कंटाळा आला. हटन ज्या वर्षी वारले त्याच वर्षी जन्मलेले चार्ल्स लायल यांनी १८३० पासून हटन यांच्या विचारावर उभे राहिलेले ग्रंथ प्रसिद्ध केले. त्याचा पहिला खंड सोबत घेऊन डार्विन बीगल जहाजावर चढले. सजीवांच्या संथ बदलाला लागणारा अफाट काळ त्यांना इथूनच मिळाला.

महाराष्ट्राशी संबंध काय?

हटन ज्याच्यावर झगडले तो काळा दगड आपल्याला परका नाही. सह्याद्री ज्या बेसाल्टचा आहे, तो सॅलिसबरी क्रॅग्जच्या खडकाच्याच कुळातला. या खडकांसाठी रूढ झालेला ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. घाटातून जाताना डोंगर पायऱ्यांसारखे का दिसतात, ते त्यातून कळते.

फरक एवढाच, की सह्याद्रीचे बहुतेक थर घुसलेले नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर एकामागून एक पसरलेल्या लाव्हाचे ते थर आहेत. हा लाव्हा ज्या भेगांमधून वर आला, त्यांतल्या काही भेगा आतल्या आत थिजल्या आणि डाइक झाल्या. धुळे-नंदुरबार भागात असे दोनशेहून अधिक डाइक नोंदवले गेले आहेत.

घाटात एखादा थर लाव्हाचा की घुसलेला, हे ओळखायला हटन यांचीच रीत वापरता येते. लाव्हाच्या थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात, कधी त्यावर तांबड्या मातीचा पट्टा दिसतो आणि भाजल्याच्या खुणा फक्त खालच्या खडकावर असतात. घुसलेल्या खडकाने मात्र दोन्ही बाजूंचे शेजारी भाजलेले असतात. आणखी एक खूण म्हणजे खांब. थंड होताना बेसाल्टला पडणाऱ्या बहुकोनी भेगा थंड पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. त्यामुळे लाव्हाच्या आडव्या थरात खांब उभे असतात, तर उभ्या डाइकमध्ये ते लाकडाच्या मोळीसारखे आडवे रचलेले दिसतात.

आज काय उरले आहे?

हटन यांची कबर एडिनबर्गच्या ग्रेफ्रायर्स स्मशानभूमीत आहे. दीडशे वर्षे तिथे त्यांच्या नावाची पाटीही नव्हती. ती १९४७ मध्ये लागली. ग्रॅनाइटची निरीक्षणे असलेला तिसरा खंड हस्तलिखितातच राहिला आणि जेवढा सापडला तेवढा १८९९ मध्ये छापला गेला. ग्लेन टिल्टमध्ये क्लार्क यांनी काढलेली चित्रे त्यांच्या वंशजांच्या घरात पडून होती, ती १९६८ मध्ये मिळाली.

सेंट जॉन्स हिलवरचे घर आता नाही. त्या जागी एक छोटी बाग आहे आणि तिथून सॅलिसबरी क्रॅग्जचा कडा दिसतो. बागेत ग्लेन टिल्टहून आणलेले दगड ठेवले आहेत. गडद खडकातून आरपार गेलेली ग्रॅनाइटची फिकट लाल शीर त्यांवर स्पष्ट दिसते. कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवायला तिथे कोणत्याही उपकरणाची गरज पडत नाही.